मागावं न लागणारं पुस्तक

माझी मुलगी ज्या अमेरिकन हायस्कूलमध्ये शिकली, तिथल्या ग्रंथालयात मी अजूनही आठवड्यातली एक दुपार पुस्तकं लावायला जाते. परत आलेली पुस्तकं ढकलगाडीवर चढवायची, लेखकाच्या आडनावाप्रमाणे जागेवर ठेवायची, कणा सुटलेली दुरुस्तीसाठी बाजूला काढायची, एवढंच काम. वर्षातून एकदा निवडणी होते. फारशी घरी न गेलेल्या पुस्तकांची यादी संगणकावरून निघते आणि ती काढून नव्या पुस्तकांना जागा केली जाते. गेल्या वर्षी त्या यादीत एक कादंबरी होती. तीन वर्षांत ती दोनदाच कुणीतरी घरी नेली, असं नोंद सांगत होती.

ती काढायला म्हणून मी हातात घेतली आणि थबकले. कण्यावर उभ्या सुरकुत्या पडलेल्या, कोपरे मऊ झालेले, पानांची कड अंगठ्याच्या जागी काळवंडलेली. दोनदा घरी गेलेल्या पुस्तकाची ही अवस्था होत नाही. साधारण मध्यावर च्युइंगमच्या चंदेरी कागदाची बारीक घडी खूण म्हणून ठेवलेली होती. मी पुस्तक पुन्हा जागेवर ठेवलं आणि लायब्ररियन बाईंना सांगून यादीतून ते नाव काढायला लावलं. पुढच्या आठवड्यात पाहिलं, तर ती घडी तीसेक पानं पुढे सरकली होती.

म्हणजे कुणीतरी ते तिथेच, शेल्फपाशी उभं राहून, जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं वाचत होतं. काउंटरवर नेऊन नावावर लिहून घेणं, दप्तरात घालून घरी नेणं, यातलं काहीच त्या मुलाला किंवा मुलीला नको होतं. ते मूल कोण, हे मला माहीत नाही. मी पाळत ठेवली नाही, आणि ठेवायची नसतेच.

ती कादंबरी म्हणजे स्टीफन चबॉस्की यांची ‘द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर’. १९९९ साली आलेली. नाव एवढ्यासाठीच घेते, की शाळेच्या ग्रंथालयात काय असावं या वादात अमेरिकेत जी पुस्तकं पुन्हा पुन्हा ओढली जातात, त्यांत ती आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दरवर्षी सर्वाधिक तक्रारी आलेल्या पुस्तकांची यादी काढते. २००४ साली ही कादंबरी त्या यादीत आली, नंतर अनेकदा आली, आणि २०२२, २०२३ व २०२४ या तिन्ही वर्षी तिथे होती. आता आमच्याही डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे शाळांच्या विभागात, तिच्याविरुद्ध अर्ज आला आहे. त्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्कूल बोर्डाच्या बैठकीत मला बोलायचं आहे, आणि तिथे बोलायला तीन मिनिटं मिळतात. तीन मिनिटांत न मावणारं इथे लिहिते आहे.

कादंबरीचा नायक चार्ली. पिट्सबर्गच्या एका उपनगरात राहणारा, नुकताच हायस्कूलला जाऊ लागलेला पंधरा वर्षांचा मुलगा. ऑगस्ट १९९१ ते ऑगस्ट १९९२ या वर्षभरात तो एका अनोळखी माणसाला पत्रं लिहितो, ती पत्रं म्हणजेच पुस्तक. त्याच्या एकुलत्या एका मित्राने काही महिन्यांपूर्वी आत्महत्या केली आहे. वर्गात तो बोलत नाही. कोण काय करतं ते बघतो, लक्षात ठेवतो आणि लिहितो. इंग्रजीच्या सरांना त्याच्यातलं काहीतरी कळतं आणि ते त्याला एकामागून एक पुस्तकं वाचायला देतात. वरच्या वर्गातली दोन सावत्र भावंडं त्याला आपल्यात घेतात. त्यातला भाऊ समलिंगी आहे. पार्ट्या होतात, गांजा येतो, प्रेम जमतं आणि फिसकटतं. अगदी शेवटी उलगडतं, की ज्या दिवंगत मावशीवर चार्लीचा सगळ्यात जास्त जीव होता, तिनेच तो लहान असताना त्याचं लैंगिक शोषण केलं होतं.

शीर्षकातला शब्दही पाहण्यासारखा आहे. वॉलफ्लॉवर हे मुळात जुन्या भिंतींच्या फटींत उगवणारं फुलझाड. नाचाच्या कार्यक्रमात भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या व्यक्तीला तो शब्द नंतर चिकटला. आपल्या भाषेत अशा मुलांसाठी शब्दांची कमी नाही: बुजरा, अबोल, घुम्या, मुखदुर्बळ, एकलकोंडा. यांतले बहुतेक शब्द त्या मुलाच्या तोंडावरच वापरले जातात. नातेवाईक आले की, ‘बोलत नाही हो हा फारसा, घुम्या आहे’ असं त्याच्यासमोर सांगितलं जातं, आणि तो ते ऐकत उभा असतो. त्याला सगळं ऐकू येतं, हे आपण विसरतो. माझी मुलगी अशीच होती. शाळेत वर्षभर तिच्याविषयी प्रत्येक शिक्षकाकडून एकच वाक्य ऐकलं, की तिने वर्गात जास्त बोलायला हवं. ती काय वाचते, हे एकीनेच विचारलं. त्या बाई ग्रंथालयात होत्या.

आता वादाकडे येते. २०२३ या एका वर्षात अमेरिकेतल्या शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालयांत मिळून ४,२४० वेगवेगळ्या पुस्तकांवर आक्षेप नोंदवले गेले; आदल्या वर्षी हा आकडा २,५७१ होता. ही मोजणी लायब्ररी असोसिएशनची. ‘पालक संतापले आहेत’ असं या बातम्यांत नेहमी म्हटलं जातं. पण त्याच असोसिएशनच्या २०२४ च्या नोंदींत पालकांकडून आलेल्या तक्रारी १६ टक्के होत्या. ७२ टक्के आक्षेप संघटित दबावगट, लोकप्रतिनिधी, बोर्डाचे सदस्य आणि प्रशासक यांच्याकडून आले. वॉशिंग्टन पोस्टने २०२१-२२ या शालेय वर्षातल्या हजारभर तक्रारींचे कागद मिळवून तपासले, तेव्हा त्यातल्या ६० टक्के तक्रारी अवघ्या ११ जणांनी केलेल्या निघाल्या.

या आकड्यांवरून आक्षेप घेणारे सगळे खोटे ठरतात, असं मी म्हणत नाही. एकट्या माणसाची तक्रारही खरी असू शकते. पण कुणाचा आवाज मोजला जातो, ते या आकड्यांतून दिसतं. तक्रारीची सगळी यंत्रणाच बोलणाऱ्यांसाठी बनलेली आहे. अर्ज भरा, नाव-पत्ता द्या, बैठकीला या, माइकसमोर उभे राहा. ज्या मुलासाठी ते पुस्तक शेल्फवर असतं, ते यातलं काहीही करू शकत नाही. वर्गात ‘हजर’ म्हणतानाही ज्याचा आवाज अडकतो, ते मूल दोनशे मोठ्या माणसांसमोर येऊन ‘मी हे वाचतो आहे, काढू नका’ असं कसं म्हणेल? आणि समलिंगी मित्र, आत्महत्या, शोषण अशा विषयांचं पुस्तक हवं म्हणणं म्हणजे स्वतःबद्दल काहीतरी जाहीर करण्यासारखंच आहे. ते तर धीट मुलंही टाळतील.

म्हणून पूर्ण बंदीइतकीच मला मधल्या वाटेची काळजी वाटते. हल्ली बऱ्याच ठिकाणी पुस्तक काढून टाकत नाहीत. काउंटरमागच्या कपाटात ठेवतात, ज्याला हवं त्याने मागून घ्यावं. किंवा पालकांच्या सहीची चिठ्ठी आणावी. ऐकायला हे समंजस वाटतं. पुस्तक आहे, कुणी जाळलेलं नाही, हवं त्याला मिळतं. मलाही आधी हे ठीक वाटलं होतं. त्या चंदेरी कागदाच्या घडीनंतर वाटेनासं झालं. जे मूल उघड्या शेल्फवरचं पुस्तक काउंटरपर्यंत नेत नाही, ते काउंटरवर जाऊन त्याचं नाव उच्चारेल का? मागे रांग आहे, रांगेत वर्गातली मुलं आहेत, काउंटरवर कुणी ओळखीची स्वयंसेवक आई बसली आहे. सहीच्या चिठ्ठीचं तर बोलायलाच नको. बोलक्या, घरी मोकळेपणा असलेल्या मुलाला ती चिठ्ठी एका मिनिटात मिळते. बुजऱ्या मुलासाठी ती बंदीच आहे, फक्त त्याच्या एकट्यापुरती, आणि कुठल्याही आकडेवारीत न येणारी.

अमेरिकेत हे आधीही घडून गेलं आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर आयलंड ट्रीज नावाचं स्कूल डिस्ट्रिक्ट आहे. १९७६ साली तिथल्या बोर्डाने काही पुस्तकं ग्रंथालयातून काढली. स्टीव्हन पिको नावाचा विद्यार्थी आणि त्याचे सोबती कोर्टात गेले. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्तींमध्ये एकमत नव्हतं, बहुमताचं एक निकालपत्रही झालं नाही. तरी न्यायमूर्ती ब्रेनन यांनी मांडलेलं सूत्र पुढे टिकून राहिलं: पुस्तकातले विचार पटत नाहीत एवढ्याच कारणावरून बोर्डाला ते शाळेच्या ग्रंथालयातून काढता येत नाही. हा निकाल सगळे सांगतात. त्यानंतर काय झालं, ते फारसं कुणी सांगत नाही. बोर्डाने पुस्तकं परत ठेवायची ठरवली, पण अट घातली, की एखाद्या विद्यार्थ्याने त्यातलं पुस्तक घरी नेलं तर लायब्ररियनने त्याच्या पालकांना लेखी कळवायचं. ती अट फार काळ टिकली नाही. पण ती सुचली यातच बोर्डाची समज दिसते. पुस्तकावरचा हक्क मुलाने कोर्टात मिळवला होता, आणि ती अट पाळून तो वापरणं धीटातल्या धीट मुलालाही अवघड झालं असतं.

अलीकडे न्यायालयांची दिशाही बदलते आहे. टेक्सासमधल्या लानो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सार्वजनिक ग्रंथालयातून १७ पुस्तकं काढली गेली, त्या खटल्यात मे २०२५ मध्ये पाचव्या सर्किटच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, अपील न्यायालयाने काउंटीच्या बाजूने निकाल दिला. बहुमताच्या निकालपत्रात एक मुद्दा असा आहे, की ग्रंथालयात पुस्तक मिळालं नाही तर वाचकाने ते ऑनलाइन मागवावं, दुकानातून विकत घ्यावं किंवा मित्राकडून आणावं. लानोचं ग्रंथालय शाळेचं नव्हे, सर्वांसाठीचं, हे मान्य. पण हाच युक्तिवाद शाळेच्या बाबतीतही रोज ऐकू येतो, म्हणून तो पंधरा वर्षांच्या मुलाच्या जागी उभं राहून तपासून बघू या. ऑनलाइन मागवायला कार्ड लागतं, ते आईबाबांचं. पार्सल येतं ते घराच्या दारात, आणि ते कोण उघडेल ते सांगता येत नाही. दुकानात जायला गाडी लागते, गाडीला मोठं माणूस. मित्राकडून आणावं म्हणता, तर ज्याला मित्रच नाही त्याची ही गोष्ट आहे.

पालकांची बाजू मला परकी नाही. मी आई आहे. कादंबरीत असे प्रसंग आहेत, जे दहा वर्षांच्या मुलाच्या हाती मी देणार नाही, आणि प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयात ती नसतेच. कोणतं पुस्तक कोणत्या वयाला, हे ठरवण्याचं शिक्षण लायब्ररियन घेतात, आणि त्या निवडीवर प्रश्न विचारायचा हक्क पालकांना आहे. आपल्या मुलाने अमुक पुस्तक नेऊ नये, असं शाळेला कळवण्याची सोय अनेक डिस्ट्रिक्टमध्ये आहे, आमच्याकडेही आहे. ती असावी. माझ्या मुलीने काय वाचावं यावर मला बोलू द्या. शेजारच्या बाकावरच्या मुलाने काय वाचावं, ते मी ठरवू नये. इथवर बहुतेक पालक माझ्याशी सहमत होतात.

पुढचं बोलणं जड जातं, पण ते बोलायलाच हवं. ‘मुलांना अशा गोष्टी आईवडिलांनी, घरी, योग्य वेळी सांगाव्यात’ असं म्हणताना आपण घर सुरक्षित आहे असं धरून चालतो. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी सांगते, की या देशात चारपैकी किमान एका मुलीच्या आणि वीसपैकी किमान एका मुलाच्या वाट्याला लहानपणी लैंगिक अत्याचार येतो, आणि सुमारे ९० टक्के वेळा अत्याचार करणारी व्यक्ती मुलाच्या किंवा कुटुंबाच्या ओळखीची, विश्वासातली असते. चार्लीची मावशी अशीच आहे. ती दुष्ट दिसत नाही. घरात त्याला जवळ घेणारी, त्याच्याकडे लक्ष देणारी तीच असते. त्याचा जन्मदिवस २४ डिसेंबरला. त्या दिवशी त्याच्यासाठी भेटवस्तू आणायला गेलेली असताना ती अपघातात जाते, आणि तिच्या मृत्यूचं ओझंही तो स्वतःवर घेतो. आपल्यावर प्रेम करणाऱ्या माणसानेच असं केलेलं असू शकतं, आणि तरी आपलं त्याच्यावर प्रेम असू शकतं, ही गुंतागुंत सुरक्षिततेच्या तासाला वाटल्या जाणाऱ्या पत्रकात येत नाही. ती गोष्टीतच येते. आणि ज्या घरात ही गोष्ट घडते आहे, त्या घराची सही मिळाल्याशिवाय ती वाचायची नाही, हा नियम नेमका कुणाला बाहेर ठेवतो, याचा बोर्डाने विचार करावा.

तक्रारींची पद्धतही बघावी. बैठकीत आक्षेप घेणारे परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवतात. फ्लोरिडाच्या २०२३ च्या कायद्यात तर याला थेट वजन आहे. पालकाला शाळेच्या पुस्तकातला उतारा बैठकीत वाचायला बोर्डाने आशयामुळे मज्जाव केला, तर ते पुस्तक शाळेतून काढावंच लागतं. लैंगिक वर्णनावर आक्षेप आला तर पाच शालेय दिवसांत पुस्तक शेल्फवरून उचलायचं आणि निर्णय होईपर्यंत बाहेरच ठेवायचं, असंही त्यात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये एका फेडरल न्यायाधीशाने या कायद्यातला लैंगिक वर्णनाबद्दलचा भाग घटनाबाह्य ठरवला. पण तोवर किती शेल्फांवरून किती पुस्तकं उचलली गेली होती! युटामध्ये २०२४ च्या कायद्याने वेगळीच रीत आणली. राज्यात ४१ स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत; त्यातल्या तिघांनी एखादं पुस्तक लैंगिक आशयाच्या कारणाने काढलं, तर ते साऱ्या राज्यातल्या सरकारी शाळांतून काढायचं.

अश्लीलतेच्या बाबतीत अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या मिलर खटल्यात निकष घालून दिले. त्यांचा गाभा असा, की कलाकृती समग्रपणे पाहायची. हे नुसतं कायद्याचं तंत्र नव्हे. या कादंबरीतला वाचून दाखवला जाणारा एक प्रसंग पार्टीतला आहे. मोठ्या भावाने घरी दिलेल्या पार्टीत एक मुलगा एका मुलीवर बळजबरी करतो, आणि लहान चार्ली ते पाहतो. तेवढंच वाचलं तर ऐकणाऱ्याला किळस येते. यायलाच हवी. पण पुस्तकात तो हे नंतर आपल्या नव्या मित्रमैत्रिणींना सांगतो आहे, आणि सांगता सांगता त्याला पहिल्यांदा कळतं, की आपण पाहिलं त्याला काय म्हणतात. पाहिलेल्या गोष्टीला नाव मिळण्याचा तो क्षण आहे. उतारा त्याच्या आधीच थांबवला, की त्यातून फक्त बीभत्सपणा उरतो.

दुसरा एक प्रसंग कुणीच वाचून दाखवत नाही. चार्लीच्या बहिणीला तिचा मित्र थोबाडीत मारतो, आणि हे चार्ली पाहतो. तो घरी बोलत नाही. एके दिवशी इंग्रजीच्या सरांशी बोलताना ते त्याच्या तोंडून निघून जातं. सर ऐकून घेतात, आणि मग त्याच्या आईवडिलांना फोन करतात. घरात वादळ होतं, बहीण त्याच्यावर भयंकर चिडते. मोठेपणी मी ही कादंबरी वाचली तेव्हा याच पानावर सर्वांत जास्त वेळ थांबले होते. लेखकाने इथे चार्लीला शूर केलेलं नाही. त्याने काही ठरवलं नव्हतं, धाडस केलं नव्हतं, नुसतं एका माणसापाशी तोंड उघडलं. आणि तो माणूस हलला. अबोल मुलाला याहून महत्त्वाची माहिती कुठली द्यायची? शाळेत असा एक मोठा माणूस असू शकतो. त्याला सांगितलं तर काहीतरी होतं. सांगितल्याबद्दल घरचे रागावतील आणि तरी सांगणं चूक ठरणार नाही. समुपदेशकाच्या दारावरच्या फलकावर ‘आम्ही ऐकतो’ असं लिहिलेलं असतं. मुलं फलकावर विश्वास ठेवत नाहीत. गोष्टीवर ठेवतात, कारण गोष्ट किंमतही सांगते.

या पुस्तकावर माझे स्वतःचे आक्षेप आहेत, आणि बोर्डासमोर ते लपवणार नाही. चार्ली फार रडतो, इतका की काही पानांनंतर त्याच्या रडण्याने काही हलेनासं होतं. सर त्याला देतात ती जवळजवळ सगळी पुस्तकं गोऱ्या पुरुषांनी लिहिलेली आहेत, आणि याचं कुणाला काही वाटत नाही. माझा मोठा आक्षेप शेवटावर आहे. शोषणाचा उलगडा झाल्यावर वाचकाला वाटतं, की अच्छा, म्हणून हा मुलगा असा होता. जणू अबोलपणा हे लक्षण आहे आणि त्यामागे जखम असायलाच हवी. माझ्या मुलीच्या अबोलपणामागे काही नव्हतं. ती तशी होती, तशी आहे, आणि छान आहे. अबोल मुलाकडे लगेच संशयाने पाहणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय. तेव्हा ही कादंबरी प्रत्येक लाजऱ्या मुलाची गोष्ट आहे, असं मी म्हणणार नाही.

म्हणूनच पुस्तकाच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्याच मंडळींचं एक म्हणणं मला पटत नाही. ‘या पुस्तकाने जीव वाचवले’ असं बैठकीत सांगितलं जातं. काहींच्या बाबतीत ते खरं असेल, आणि तसं सांगायला उठणाऱ्या मुलाला माझा नमस्कार. पण शेल्फवर राहण्यासाठी प्रत्येक पुस्तकाला औषध असल्याचं सिद्ध करावं लागणार असेल, तर ती परीक्षा फार थोडी पुस्तकं पास होतील. आणि त्यासाठी दर वेळी एका दुखावलेल्या मुलाला माइकपुढे आणून त्याची जखम दाखवावी लागेल. ते मला मान्य नाही. चंदेरी घडी ठेवणाऱ्या मुलाला काही झालेलंच नसेल. त्याला गोष्ट आवडली असेल, पुढे काय होतं ते बघायचं असेल. तेवढं कारण पुरेसं धरावं.

मग बोर्डाकडे माझी मागणी काय? आक्षेपाचा निवाडा होईपर्यंत पुस्तक उघड्या शेल्फवरच राहावं. तक्रार आली एवढ्यावरून शिक्षा सुरू होऊ नये. आक्षेप तपासणाऱ्या समितीतल्या प्रत्येकाने ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावं. तक्रारीच्या अर्जावर ‘तुम्ही पूर्ण पुस्तक पाहिलं आहे का’ असा प्रश्न असतोच, त्याच्या उत्तराला काही अर्थ असावा. काउंटरमागचं कपाट आणि सहीची चिठ्ठी हे पर्याय समितीपुढे ठेवूच नयेत. उलट, स्वतःच पुस्तक नोंदवून घ्यायचं यंत्र शेल्फांच्या जवळ, काउंटरपासून लांब बसवावं. सार्वजनिक ग्रंथालयांत ती यंत्रं कधीची आली आहेत. कोणी काय नेलं ही नोंद पुस्तक परत आल्यावर पुसली जावी. आणि निवडणीच्या यादीवर डोळे झाकून भरवसा ठेवू नये. घरी न गेलेलं पुस्तक न वाचलेलं असतंच असं नाही, हे मी हातात धरून पाहिलं आहे.

कायद्याच्या अंगाने एक चांगलं उदाहरण डोळ्यासमोर आहे. इलिनॉय राज्याने २०२३ साली कायदा केला, की मतभेदांच्या किंवा पक्षीय विरोधाच्या कारणाने पुस्तकं काढण्याला मनाई करणारं धोरण जी ग्रंथालयं स्वीकारतील, त्यांनाच राज्याचं अनुदान मिळेल. सगळे प्रश्न त्याने सुटतात असं नाही. गुपचूप न घेतलेल्या पुस्तकांचं काय, हा प्रश्न उरतोच. घाबरलेले लायब्ररियन वादाचं पुस्तक मुळात विकतच घेत नाहीत, आणि त्याची तक्रार कुणी करू शकत नाही, कारण जे आलंच नाही ते दिसणार कसं? पण निदान उभं राहणाऱ्या लायब्ररियनच्या पाठीशी तिथे राज्य आहे. आमच्या बाईंच्या पाठीशी सध्या कोण आहे, ते मला सांगता येणार नाही. त्यांचं नाव बैठकांतून घेतलं जातं. त्या काही बोलत नाहीत, नोकरीत असल्यामुळे त्यांना बोलता येत नाही.

बैठक पुढच्या मंगळवारी आहे. बोलणाऱ्याने आधी एक कार्ड भरून द्यायचं असतं. नाव, पत्ता, विषय, आणि शेवटी एक ओळ: तुम्ही कुणाच्या वतीने बोलत आहात? समोर दोन चौकोन, स्वतःच्या किंवा संस्थेच्या. काल ग्रंथालयातून निघताना मी शेल्फपाशी गेले होते. पुस्तक जागेवर होतं, घडी शेवटून दहा-बारा पानं अलीकडे होती. घरी येऊन कार्ड भरायला घेतलं. त्या ओळीपाशी बराच वेळ गेला, आणि मग ‘स्वतःच्या’ या चौकोनात खूण केली.